ट्रॅकिंगला मराठीत काय म्हणायचं

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

तुझा तो व्हॉइस मेसेज येऊन तीन आठवडे झाले आणि मी नुसतं सांगतो सांगतो करत राहिलो, सॉरी. पोरांना कासवांच्या टॅगबद्दल सांगताना तू फळ्यावर ट्रॅकिंग असं लिहिलंस, एका मुलीनं हात वर करून विचारलं सर याला मराठीत काय म्हणतात, आणि तू अडकलास. तुला वाटलं मी दिवसभर अ‍ॅपची भाषांतरंच करतो तर मला पटकन येईल. नाही आलं रे. त्याच आठवड्यात माझ्याही शीटमध्ये हाच शब्द येऊन पडला होता, आणि त्याच आठवड्यात अप्पांचं ते झालं जे तुला फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. ह्या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकीत इतक्या अडकल्यात की एक सांगायला गेलो तर दुसरी येतेच, त्यामुळे पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आमच्या कामात कसं असतं, एक्सेलची शीट येते, एका रकान्यात इंग्रजी आणि शेजारचा रकाना रिकामा, तो आपण भरायचा. चित्र नाही, पुढचंमागचं वाक्य नाही, नुसता एक शब्द चौकोनात बसलेला. ट्रॅकिंग. आता हे पार्सलचं आहे की पावलं मोजण्याचं, की कामाचे तास लिहिण्याचं, की कोणीतरी कोणाच्या तरी मागावर आहे त्याचं, कळायला मार्ग नाही. इंग्रजीत एकच शब्द सगळीकडे चालतो. मराठीत तो चौकोन भरायचा तर आधी विचारावं लागतं, कोण कोणाच्या मागे आहे, कशासाठी, आणि पुढं जो आहे त्याला ते माहीत आहे का? हे मला खूप उशिरा उमगलं, इतकी वर्षं मी डोळे मिटून मागोवा लिहीत होतो.

मागोवा हा शब्द आपल्या सगळ्या सरकारी साइटवाल्यांनी पकडलाय बघ, अर्जाचा मागोवा घ्या म्हणून बटण असतं. मला तो तिथे पटत नाही. मागोवा म्हणजे घडून गेलेल्याकडे वळून बघणं, वर्षभराच्या घडामोडींचा मागोवा, एखाद्या चळवळीचा मागोवा. तहसीलमध्ये अडकलेल्या दाखल्याचा आपण मागोवा घेत नाही, आपण त्याचा पाठपुरावा करतो, खेटे घालतो, आणि बटण दाबून जे दिसतं ती असते त्या अर्जाची सद्यस्थिती. पार्सलचंही तेच. स्पीड पोस्टचा नंबर बघ, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं, एकूण तेरा. आपल्याला वाटतं त्या नंबरानं आपण पाकिटाच्या मागे मागे चाललोय, पण तसं काही नसतं, पाकीट कुठल्यातरी ऑफिसात पोचलं आणि तिथल्या माणसानं बारकोडवर लाल उजेड मारला की एक नोंद होते, आणि पुढच्या ऑफिसात पोचेपर्यंत ते पाकीट ट्रकमध्ये आहे की गोणीखाली दबलंय हे कोणालाच माहीत नसतं. ती नोंद आहे. जुन्या काळी जकात नाक्यावर वहीत लिहीत तशी. तिला नोंद म्हणायला आपण का लाजतो मला कळत नाही.

एक ट्रॅकिंग तर मी हाताने केलेलं आहे. तुला आठवत असेल, पुण्यात आल्यावर पहिली चार वर्षं मी डीटीपीचं काम करायचो, पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. तिथे पेजमेकरमध्ये ट्रॅक म्हणून मेनू होता, त्यात व्हेरी लूजपासून व्हेरी टाइटपर्यंत पर्याय, म्हणजे अख्ख्या ओळीतल्या अक्षरांमधली जागा सैल करायची की घट्ट. इंग्रजीत ते खरंच छान दिसतं, मोठं शीर्षक असेल तर जरा मोकळं करायचं, श्वास मिळतो. पण आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ आहे. तू जागा वाढवलीस की शिरोरेषा तुटते, आणि शब्द म्हणजे नुसती एकेक अक्षरं उन्हात वाळत घातल्यासारखी दिसतात. आमच्या दुकानातले म्हातारे कंपोझिटर, ज्यांनी छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात हयात घालवली होती, ते असलं प्रूफ बघितलं की काही न बोलता पेनानं ती तुटलेली रेघ जोडून परत देत. एवढंच. अजूनही रस्त्यावर मोठमोठ्या फलकांवर मराठी नावं अशी फाडून ठेवलेली दिसतात तेव्हा मला त्यांचं पेन आठवतं आणि खरंच वाईट वाटतं, कारण एका भाषेसाठी केलेलं बटण दुसऱ्या भाषेवर दाबलं की काय होतं ते डोळ्यांनी दिसतं तिथे.

व्हिडिओचं पण होतं ना रे, तुमच्या घरी भाड्यानं व्हीसीआर आणायचो तेव्हा. चित्रावर पांढऱ्या रेघा सरकायला लागल्या की तुझा दादा उठून ते छोटं चाक हळूहळू फिरवायचा. तेही ट्रॅकिंगच. टेपवर चित्र तिरक्या पट्ट्यांमध्ये लिहिलेलं असतं, आणि वाचणारं हेड बरोबर त्या पट्टीवरून जायला हवं, जरा इकडेतिकडे झालं की रेघा. म्हणजे तिथे कोणी कोणाच्या मागे नाही, तिथे आहे ती जुळणी. आणि खोडदला गेलो होतो सायन्स डेला, तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पंचेचाळीस मीटरच्या तीस डिश, पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते म्हणून त्या आकाशातला एकच ठिपका धरून रात्रभर हळूहळू मान वळवत राहतात. त्यालाही ट्रॅकिंगच म्हणतात. मी तेव्हा डायरीत लिहिलं होतं, नजर न हलवता मान हलवणं. असं लांबलचक लिहून चौकोनात बसत नाही पण बरोबर तेच आहे.

बरं आता अप्पांचं.

गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलंय हे तुला माहीत आहे. आधी चष्मा, किल्ली, मग नावं, मग आज वार कुठला, आणि या वर्षी तर काही काही दिवस ते कुठल्या वर्षात आहेत तेच आम्हाला कळत नाही. डॉक्टर म्हणाले घरातून बाहेर पडून चुकायची शक्यता आहे, काळजी घ्या. मी पुण्यात, आणि वडिलांकडे बघायला सोलापुरात आई एकटी. म्हणून मी जीपीएसवालं घड्याळ घेतलं, त्यात सिम असतं, ते कुठे आहे ते माझ्या मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका म्हणून दिसतं. आणि योगायोग कसला बघ, माझ्या शीटमध्ये तो शब्द आला तो असल्याच एका घड्याळाच्या अ‍ॅपसाठी होता.

तो मंगळवार होता. सकाळी आठला आईचा फोन, अप्पा घरात नाहीत. मी लगेच मोबाइल उघडला तर ठिपका घरावर. मी तिला म्हटलं अगं घरातच आहेत, मोरीत बघ, गच्चीवर बघ. ती म्हणाली सगळं बघितलं. मी पुन्हा पुन्हा ठिपका बघतोय, तो आपल्या घरावर शांत बसलेला, आणि मी अडीचशे किलोमीटर लांब बसून तिलाच सांगतोय की नीट बघ. घड्याळ देवघराशेजारी चार्जिंगला लावलेलं होतं. ती मला म्हणाली, फोन ठेव.

मग तिनं काय केलं ते तिनं मला नंतर सांगितलं. ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि नुसती बघत राहिली काय हललंय. चपला नव्हत्या, ते तर कोणालाही दिसलं असतं. पण फडताळात वरच्या खणात तो स्टीलचा तीन खणी डबा असतो ना, तुला माहीत आहे, तूही खाल्लंयस त्यातलं, कारखाना बंद पडल्यापासून तो तिथेच पडून होता, तो नव्हता. डबा नाही म्हणजे पाळीला गेले. एवढंच तिच्या डोक्यात आलं. शेजारच्या पोराला गाडी काढायला लावली आणि सांगितलं, रिक्षा स्टँडकडे जाऊ नकोस, देवळाकडे जाऊ नकोस, सरळ कन्ना चौकातून अशोक चौकाकडे आणि पुढं अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे जा, आणि प्रत्येक टपरीवर विचार. अशोक चौकातला चहावाला म्हणाला, अप्पा मघाच पुढं गेले की, हातात डबा होता. कारखान्याच्या बंद गेटाजवळ दगडावर बसलेले सापडले. पोरगं म्हणालं चला अप्पा घरी, तर म्हणाले थांब जरा, भोंगा झाला नाही अजून. डबा उघडून बघितला तर रिकामा. रिकामाच नेला होता.

मी रात्रीच्या गाडीनं गेलो. त्यांना काहीच आठवत नव्हतं, मला बघून खूश झाले, परीक्षा झाली का विचारलं.

त्या रात्री मला झोप नाही आली आणि तो शब्द आला, माग. आईनं जे केलं ते माग काढणं होतं. माग म्हणजे मार्ग शब्दाचंच झिजून झालेलं रूप, गेलेल्यानं मागे ठेवलेली वाट. आणि माग काढायचा तर गेलेल्याला ओळखावं लागतं, हे त्या शब्दातच नाही लिहिलेलं पण अनुभवाने कळतं. मेळघाटात वाघाचा ठसा बघून तो नर की मादी, किती वेळापूर्वीचा, हे सांगणारी माणसं आयुष्यभर तेच जंगल चाललेली असतात. वाघांची अख्खी गणती एकेकाळी ठशांवरूनच व्हायची, ती पद्धत १९६६ मध्ये ओडिशात सुरू झाली, आणि राजस्थानात सारिस्कातले वाघ संपले हे २००५ मध्ये उघड झाल्यावर तिच्यावरचा भरवसा उडाला आणि कॅमेरे आले. ते बरोबरच झालं, ठशावरून एकूण किती वाघ ते खात्रीनं सांगता येत नाही. पण हा वाघ आत्ता कुठल्या नाल्यात उतरला ते सांगायला अजूनही ठसा बघणारा माणूस लागतो.

आणि माग म्हणजे लूम पण. आपण सोलापूरचे, आपल्याला तर आधी तोच अर्थ येतो, हातमाग, यंत्रमाग. दोन्ही शब्दांचं मूळ एक आहे असं मी म्हणत नाही, पण माझ्या डोक्यात ते आता वेगळे होतच नाहीत. शनिवारी अर्धी शाळा झाली की मी डबा घेऊन कारखान्यात जायचो, तिथला आवाज तुला आठवतो, कानात बोळे घातल्याशिवाय उभं राहवत नसे. धागा तुटला की अप्पा माग बंद करायचे, मग तुटलेलं टोक शोधत बोट फिरवत मागे बीमपर्यंत, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळापर्यंत जायचे, तिथलं टोक उचलून गाठ मारायची आणि मागाच्या वहीतून, म्हणजे धागे वरखाली करणाऱ्या दोऱ्यांतून, आणि फणीतून परत पुढं ओढून घ्यायचं. हजारो धाग्यांत नेमका कुठला तुटला ते त्यांना बघायला लागायचं नाही, बोटाला कळायचं. मी विचारायचो कसं कळलं, तर म्हणायचे तिथे सैल लागतं.

आता घड्याळ पुन्हा बांधलंय त्यांच्या हाताला, आणि चार्जिंग रात्री ते झोपल्यावर करायचं असं ठरवलंय. मी घड्याळाच्या विरोधात नाही, उलट त्यानंतर एकदा दुपारी ते विडी घरकुलाकडे चालले होते तेव्हा ठिपक्यामुळेच वीस मिनिटांत सापडले, आणि तेव्हा डब्यासारखी कुठलीच खूण नव्हती. पण एक गोष्ट मला टोचते. त्यांनी आईला विचारलं हे काय बांधलंयस, ती म्हणाली घड्याळ. खोटं नाही ते. पण पूर्ण खरंही नाही. आपल्याकडे पाळत ठेवतात ती चोरावर, संशयितावर. लक्ष ठेवतात ते लेकरावर, दुधावर. यंत्र तेच, ठिपका तोच, आणि अप्पांच्या बाबतीत हे दुसरं आहे असं मी मनाला सांगतो, पण ज्याच्यावर लक्ष ठेवतोय त्याला सांगितलंच नाही तर ते कुठल्या बाजूला जातं, मला अजून ठरवता येत नाही. दोन रविवारांपूर्वी मी त्यांना नीट बसवून सांगितलं, अप्पा, तुम्ही कुठे आहात ते मला ह्यातून दिसतं. ते म्हणाले, बरं, मग मला पण दिसू दे तू कुठे आहेस. मी माझं लोकेशन आईच्या मोबाइलवर सुरू करून दिलं. आई सांगते दिवसातून दोनदा बघतात, आणि पोरगं पुण्यात आहे म्हणतात.

ह्या सगळ्यामुळे इंटरनेटवर जे चालतं त्याचा राग मला आता जास्त येतो. एखाद्या पानावर एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र ठेवायचं, ते पान उघडलं की चित्र ठेवणाऱ्याला कळतं कोण आलं होतं, मग दुसऱ्या पानावर तिसऱ्या पानावर तोच माणूस ओळखायचा, काय बघतो किती वेळ बघतो सगळं साठवायचं. त्याला माझ्या मते एकच शब्द आहे, मागावर असणं. कुत्रं मागावर असतं, शिकारी मागावर असतो. आयफोन २०२१ पासून निदान विचारतो तरी, ह्या अ‍ॅपला तुमच्या मागे येऊ द्यायचं का म्हणून. आणि आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा जो कायदा झाला त्यात लहान मुलांचं असं ट्रॅकिंग करायला मनाई आहे, हे तुझ्या वर्गात सांग, पोरांना त्यांच्या हक्काचं माहीत असायला हवं. पण सांगताना मागोवा म्हणू नकोस, मागोवा म्हटलं की ते किती साळसूद वाटतं.

आणखी एक आहे, ते तुला लिहू की नको असं झालं होतं. अमेरिकेत शाळेत मुलांना हुशार, मध्यम, कच्ची असं वेगळं करून वेगवेगळ्या वर्गात घालतात त्यालाही ट्रॅकिंग म्हणतात, मला एका शैक्षणिक भाषांतरात सापडलं. म्हणजे आपल्या तुकड्या. आठवीत मी अ मध्ये गेलो आणि तुला ड मध्ये टाकलं, आणि ड ला गणिताचे सर वर्षातले अर्धे दिवस यायचेच नाहीत. रूळ एकदा बदलले की गाडी आपोआप तिकडेच जाते ना. तू तुझ्या हिमतीवर तिथून निघालास आणि आज स्वतः मास्तर झालास, पण तेव्हा मी तुझ्यासाठी काहीच बोललो नाही, सरांना जाऊन विचारलं पण नाही. हे सांगायचं राहून गेलं होतं.

तर तुझ्या त्या मुलीचा प्रश्न. तिला म्हण की कासवांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या जानेवारीत वेळासला पहिल्या मादीच्या पाठीवर सॅटेलाइटचा टॅग चिकटवला, तिचं नाव प्रथमा, मग आंजर्ल्याला आणि तुमच्या गुहागरला. ती श्वास घ्यायला वर आली की टॅग हाक मारतो आणि वरून जाणारा उपग्रह ती ऐकतो, खाली गेली की हाक बंद. तिथे कोणी माग काढत नाही, तिथे तिचा ठावठिकाणा कळतो, आणि टॅग पडला किंवा बॅटरी संपली की तेही नाही. त्याच्याहून साधी गोष्ट मला जास्त आवडते, ती तूच सांगितली होतीस, २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या वल्ह्याला नुसता नंबर कोरलेला धातूचा बिल्ला लावला होता आणि ती २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. मधली चार वर्षं ती कुठून कशी आली कोणालाच माहीत नाही. फक्त दोन टोकं.

आणि दुसरं म्हणजे पहाटे तुमचे कासवमित्र किनाऱ्यावर चालत जाऊन वाळूत तिच्या वल्ह्यांच्या खुणा शोधतात, वर गेलेली ओळ आणि परत समुद्राकडे आलेली ओळ, आणि त्या दोन ओळींच्या टोकाशी काठीनं वाळू हलकेच चाचपून घरटं कुठे आहे ते ओळखतात. तो माग. मला वाटतं तोच शब्द आहे. पण मी देशावरचा माणूस, मला खात्री नाही, त्यांच्या तोंडात काय येतं? माग म्हणतात, पाऊल म्हणतात, की त्यांचा काही वेगळाच शब्द आहे? मुलीलाच पाठव विचारायला, तिच्या घरचे कोणी जात असतील, आणि जो शब्द निघेल तो मला लगेच कळव. घड्याळाच्या शीटमध्ये मी ठावठिकाणा लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून ट्रॅकिंगच ठेवा म्हणून परत पाठवलं. मी पुन्हा ठावठिकाणा लिहून, कारण देऊन, धाडलंय. बघू.

हे पत्र उद्या स्पीड पोस्टनं टाकतो, सोबत एक टॉवेल आहे, अप्पांच्या मागावरचा, कारखाना बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या लॉटमधला, आईनं चार ठेवले होते त्यातला एक तुझ्यासाठी म्हणाली. त्याच्या एका काठाला बोटाला बारीक गाठ लागेल. ती कापू नकोस.

काकूंना नमस्कार सांग, पोरांना गोड पापा.

तुझाच